फळीवरची डबी

नमस्कार श्रोतेहो.

चष्म्याची भिंगं करायला वापरतात त्या प्लास्टिकचा नखाएवढा तुकडा एका बंद डबीत ठेवलेला असतो. डबीच्या फटीतून वायू आत जातो, धूळ जात नाही. ही डबी घरातल्या फळीवर तीन महिने नुसती पडून राहते. मग तो तुकडा कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणात काही तास ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. त्यावर बारीक गोल खळगे दिसतात. डबीत शिरलेल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूमुळे सुटलेला एकेक अल्फा कण, म्हणजे अणू फुटताना बाहेर पडणारा सूक्ष्म कण, आपली अशी खूण ठेवून जातो. हे खळगे मोजायला शाळेतल्या मुलांना बसवा, एवढंच सांगायला मी आज आलो आहे.

रेडॉनला रंग नाही, वास नाही. खडकामातीतल्या युरेनियमपासून रेडियम होतं आणि रेडियमपासून हा वायू. उघड्यावर तो पांगून जातो. घरात मात्र जमिनीच्या भेगांतून, पाइपांभोवतीच्या फटींतून शिरतो आणि साचतो. त्यापासून तयार होणारे पोलोनियमचे किरणोत्सारी अणू श्वासावाटे फुप्फुसात जाऊन चिकटतात. फुप्फुसाच्या कर्करोगाचं धूम्रपानाखालोखालचं मोठं कारण हेच. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरांसाठी दर घनमीटरला १०० बेकरेल ही पातळी सुचवली. जिथे ते जमणार नाही, तिथेही ३०० च्या वर जाऊ नये, असं सांगितलं.

बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. खोली ३० घनमीटरची आणि पातळी १०० असेल, तर आपण बसलो आहोत तिथे दर सेकंदाला रेडॉनचे ३,००० अणू फुटत आहेत. हा गुणाकार मुलांना स्वतः करू द्या. सांगून जे पोचत नाही, ते इथे पोचतं.

तीन महिने थांबायचं, तर मुलांचा उत्साह टिकणार कसा? त्यासाठी फुगा आहे. फुगवलेला फुगा लोकरीवर घासायचा आणि बंद तळघरात अर्धा-पाऊण तास टांगून ठेवायचा. विद्युतभारामुळे रेडॉनपासून झालेले किरणोत्सारी कण त्याला चिकटतात. मग हवा सोडून तो गायगर काउंटरजवळ, म्हणजे किरणोत्सार टकटक आवाजाने दाखवणाऱ्या यंत्राजवळ धरला, की टकटक एकदम वाढते आणि पुढे साधारण अर्ध्या-पाऊण तासाने निम्मी होते. पुस्तकातला अर्धायुकाळ मुलं कानांनी ऐकतात.

डबी कुठे ठेवायची, याबाबत मात्र मी हट्टी आहे. सगळ्यात खालच्या वापरातल्या खोलीत, खिडकी, चूल आणि न्हाणीघर यांच्यापासून लांब. एखाद्या मुलाने ती कपाटात ठेवली आणि नंतर तसं कबूल केलं, तर त्याला रागावू नका. ती नोंद वहीत तशीच राहू द्या. चुकलेलं मोजमाप लपवायचं नाही, हे शिकायला याहून चांगली जागा नाही.

आणि आकडा जास्त निघाला तर? तो वर्गात मोठ्याने वाचायचा नाही. ते त्या कुटुंबाचं घर आहे. पालकांना शांतपणे बोलवावं, पुन्हा मोजायला सांगावं. आकडा खाली आणता येतो, हेही त्याच भेटीत सांगावं. भेगा बुजवणं, हवा खेळती ठेवणं, आणि एवढ्याने भागलं नाही, तर जमिनीखालून पाइप काढून पंख्याने तिथली हवा छपरावर सोडणं. दुरुस्ती झाली की त्याच मुलाच्या हाती नवी डबी द्यावी, त्याच फळीवर, नवी तारीख घालून.