दिवा लागला का?

[दृश्य: रात्रीची वेळ. रिकाम्या खोलीत टेबलावरचा फोन वाजतो. कोणी उचलत नाही. घंटी थांबते. काही क्षणांनी फोनवरचा छोटा लाल दिवा लुकलुकू लागतो.]

फोन वाजला, उचलायला कोणी नव्हतं. पलीकडच्या माणसाने बीप ऐकला, निरोप सांगितला आणि फोन ठेवला. तो आता निर्धास्त आहे. आपलं सांगून झालं.

ज्याच्यासाठी निरोप आहे, त्याला मात्र कोणाचा फोन आला होता हेही ठाऊक नाही. त्याच्यासाठी एकच खूण आहे, हा दिवा.

तो लागलाच नाही तर तक्रार कोण करणार? सांगणाऱ्याला वाटतं पोचलं, ऐकणाऱ्याला वाटतं कोणी काही सांगितलंच नाही. लाइन बंद पडली की पाच मिनिटांत ओरड होते. हरवलेल्या निरोपासाठी कोणीच ओरडत नाही. व्हॉइसमेलची, म्हणजे असे निरोप साठवणाऱ्या यंत्रणेची, देखभाल अवघड आहे ती यामुळे.

[दृश्य: सर्व्हर रूम. पंख्यांचा एकसुरी आवाज. रांगेने हिरवे दिवे.]

अमेरिकेत गॉर्डन मॅथ्यूज यांना व्हॉइसमेलचं पेटंट मिळालं १९८३ साली. तेव्हा कपाटभर जागा लागायची, आता हे काम एखाद्या सर्व्हरच्या कोपऱ्यात चालतं. टेलिफोनवरचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजला जातो आणि प्रत्येक मोजणी ८ बिटांत लिहिली जाते. या हिशेबाने मिनिटभराच्या निरोपाला ४८० किलोबाइट लागतात. आकडा लहान दिसतो, पण मेलबॉक्स, म्हणजे प्रत्येकाचे निरोपांचे कप्पे, शेकडो असतात आणि ऐकलेले निरोप पुसायचं बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. म्हणून रात्री, फोन कमी असताना, साफसफाई चालते. मुदत संपलेले निरोप काढायचे, मेलबॉक्सची यादी आणि डिस्कवरच्या फाइली जुळवून बघायच्या, मग बॅकअप घ्यायचा. साफसफाई लांबली आणि बॅकअप तिच्यावर येऊन आदळला, तर सकाळी दोन्ही अर्धवट असतात. आणि जो बॅकअप कधी परत चढवून पाहिलेला नाही, त्याच्या भरवशावर मी तरी राहणार नाही.

[दृश्य: पडद्यावर पोर्टांची यादी. एका ओळीपाशी बोट थांबतं.]

आता हा पोर्ट बघा. पोर्ट म्हणजे फोन आत येण्याची वाट. हा फोन उचलतो, पण बोलत नाही. समोरचा दोन-चार सेकंद वाट बघतो आणि कंटाळून ठेवून देतो. पोर्ट लगेच मोकळा होतो, आणि मोकळा दिसतो म्हणून पुढचा फोनही त्याच्याकडेच जातो. मग त्याच्या पुढचाही. बाकीचे पोर्ट धडधाकट असताना हा एकटा बिघडलेला पोर्ट फोनमागून फोन गिळत राहतो. यंत्राच्या लेखी सगळं ठीक असतं: घंटी वाजली, फोन उचलला, संभाषण संपलं. अलार्म कशाचा देणार?

हा चोर सापडतो फोनांच्या रोजच्या वाहतुकीच्या अहवालात. सगळ्यात जास्त फोन कोणत्या पोर्टने घेतले आणि प्रत्येक फोन सरासरी किती वेळ चालला, हे दोन रकाने शेजारी ठेवून वाचायचे. फोन भरमसाट आणि वेळ चार सेकंद, असा पोर्ट दिसला की तो आधी बंद करायचा, कारण नंतर शोधायचं.

[दृश्य: अलार्मचा पडदा. लाल, केशरी, पिवळ्या ओळी.]

अलार्मलाही पायऱ्या आहेत. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने १९९२ मध्ये त्या लिहून दिल्या: क्रिटिकल, मेजर, मायनर, वॉर्निंग. शिवाय एक 'क्लिअर्ड', म्हणजे अलार्म आला आणि उतरला. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते या क्लिअर्डकडे. जोडीतली एक डिस्क रात्री दोन वाजता अडखळते, सव्वादोनला सावरते, आणि सकाळी पडदा हिरवागार असतो. हेच तीन रात्री घडलं तर ती डिस्क बदलायची वेळ झाली आहे. हे कळतं ते लॉग, म्हणजे यंत्राने ठेवलेली नोंद, वाचणाऱ्यालाच.

उलटं टोकही तितकंच घातक. मेलबॉक्स भरत आल्याच्या पिवळ्या ओळी दिवसभर येत राहिल्या की डोळे त्यांना सरावतात, आणि त्या गर्दीत एक लाल ओळ निसटते. अलार्मची मर्यादा कुठे लावायची, हे ठरवायला अनुभव लागतो.

आणि अलार्म हाही एक निरोपच आहे. बऱ्याच यंत्रणा तो 'ट्रॅप' म्हणून नेटवर्कवर सोडतात. साध्या ट्रॅपला पोच नसते. सर्व्हरने पाठवला, वाटेत हरवला, तर सर्व्हरला कळत नाही आणि पडद्यासमोर बसलेल्यालाही. हिरवा पडदा बघून दोन गोष्टी संभवतात: सगळं ठीक आहे, किंवा सांगणाराच मुका झाला आहे. म्हणून देखरेखीच्या यंत्राने ठरावीक वेळाने स्वतःच विचारायचं, 'आहेस ना?' उत्तर आलं नाही, तर तोच अलार्म.

[दृश्य: यूपीएसच्या बॅटऱ्या. मीटर लावणारे हात.]

बॅटऱ्यांचं थोडक्यात. शिसं-आम्लाच्या बॅटरीचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण निम्म्यावर येतं, तेव्हा खोलीचं तापमानही नोंदवहीत हवं. आणखी एक: नोकरी सोडून गेलेल्या माणसांचे मेलबॉक्स तातडीने बंद करावेत. सोपा पासवर्ड राहिलेल्या अशा मेलबॉक्समधून परके लोक दुसऱ्याच्या खर्चाने लांबचे फोन करू शकतात.

[दृश्य: पहाट. एक तंत्रज्ञ एका टेबलाजवळून दुसऱ्याकडे जाते आहे. हातात नोंदवही.]

सगळे पडदे हिरवे आहेत, तरी ती हे रोज करते. एका फोनवरून दुसऱ्यावर निरोप ठेवायचा. दिवा लागला का? निरोप शेवटपर्यंत ऐकायचा. आवाज तुटतो का? पुसायचा. दिवा विझला का?

पहिला फोन ठीक. दुसरा ठीक. तिसरा, चौथा ठीक.

पाचवा. निरोप मेलबॉक्समध्ये आहे, दिवा लागलेला नाही. अलार्मच्या पडद्यावर एकही ओळ नाही.

ती खुर्ची ओढून बसते, मेलबॉक्सची नोंद उघडते. मागच्या आठवड्यात या टेबलाचा नंबर बदलला. निरोप नव्या नंबरच्या मेलबॉक्समध्ये येत होते. दिवा लावण्याची सूचना मात्र जुन्याच नंबरला जात होती, आणि तिथे आता फोनच नाही.

ती नंबर दुरुस्त करते आणि पुन्हा फोन लावते.

[दृश्य: फोन जवळून. लाल दिवा लागतो. मेलबॉक्सचा आवाज सांगतो: 'आपल्यासाठी सात नवे निरोप आहेत.']