टेस्ट नदीवरचा मेफ्लायचा पंधरवडा

श्रोतेहो, नमस्कार.

तुमच्यापैकी पुष्कळांनी पहलगामला लिद्दर नदीवर ट्राउट मासा पाहिला असेल, चाखलाही असेल. तो मूळचा तिथला नव्हे. इंग्रजांनी काश्मीरच्या नद्यांमध्ये तो नेऊन वाढवला. आज आपण जाऊ त्याच्या घरी, इंग्लंडमधल्या हॅम्पशायरच्या टेस्ट नदीवर.

टेस्टचं पाणी खडूच्या टेकड्यांमधून झिरपून येतं, म्हणून ते नितळ आणि उन्हाळ्यातही गार. तळच्या गाळात मेफ्लाय या किड्याची पिल्लं बिळं करून दोनेक वर्षं काढतात. मे महिना उतरणीला लागला की ती वर येतात, कात टाकतात आणि उडता येईपर्यंत प्रवाहाबरोबर वाहत जातात. हिरवट-पिवळे, शिडासारखे उभे पंख आणि मागे तीन लांब शेपट्या. पंख फुटल्यावरही ती आणखी एकदा कात टाकतात. कीटकांच्या जगात हे फक्त मेफ्लायच्याच कुळात घडतं. मोठेपणी त्यांना अन्न खाता येत नाही. मीलन झालं, अंडी घातली की आयुष्य संपलं.

या दिवसांत मोठमोठे ट्राउटही सावधपणा सोडून वर येतात. तिथले लोक याला 'नवशिक्यांचा पंधरवडा' म्हणतात, पण मला ते पटत नाही. चार दिवस पोटभर खाल्लेला ट्राउट फार चोखंदळ होतो.

आपल्या गळाला असते पिसं आणि दोरा गुंडाळून बांधलेली नकली माशी. ती इतकी हलकी, की जड दोरीच्या जोरावरच ती लांब जाते. पाण्यावर पडल्यावर दोरीने तिला जरा जरी ओढलं, तरी मासा तोंड फिरवतो. म्हणून टाकण्याआधी काठावर बसून नीट बघा. मासा वर आल्यावर वलयात बुडबुडा राहिला, तर त्याने वरची माशी घेतली असं बहुधा समजावं. नुसताच पाण्याला फुगवटा आला, तर तो खालून वर येणारी पिल्लं टिपतो आहे.

यावरून इथे मोठा वाद झाला. फ्रेडरिक हॅलफर्ड तरंगत्या नकली माशीचे कट्टर पुरस्कर्ते. शेजारच्या इचेन नदीवर मासेमारी करणारे जी. ई. एम. स्क्यूज म्हणत, मासा पाण्याखाली खात असेल तर गळही पाण्याखालीच हवा. 1938 साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात यावर जाहीर चर्चाही झाली. मी मनापासून स्क्यूज यांच्या बाजूचा आहे. माशाचं म्हणणं आधी ऐकायला नको का?

संध्याकाळी चित्र पालटतं. अंडी घालून थकलेल्या माद्या पंख पसरून पाण्यावर आडव्या पडतात. ट्राउट त्यांना घाई न करता, जेमतेम नाक वर काढून घेतो. तेव्हा उभ्या पंखांची माशी सोडून द्या, आडव्या पंखांची बांधा. आणि मासा सोडायचा असेल, तर हात आधी पाण्यात ओले करा. कोरड्या हातांनी त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो.