हुबेहूब साचा कामाचा नाही

अध्यक्षांनी माझी ओळख 'कृत्रिम पायांचे कारागीर' अशी करून दिली. रागावलो नाही. माझं लग्न ठरताना सासऱ्यांनी मध्यस्थाला विचारलं होतं, "मुलगा डॉक्टर आहे की सुतार?" तो म्हणाला, "मधलं काहीतरी." इतकं नेमकं वर्णन पुढं कुणाला जमलं नाही.

विषय 'करिअर' आहे, येतो त्यावर. आधी एका आजोबांचं सांगू द्या.

मी नुकता नोकरीला लागलो होतो. आजोबा ऊसवाले, ट्रॅक्टरखाली सापडून गुडघ्याखालून पाय गेलेला. मी उरलेल्या भागाला प्लास्टरची पट्टी गुंडाळली, सुकल्यावर काढली, त्या पोकळीत प्लास्टर ओतून ठोकळा घेतला. टाक्यांच्या व्रणाची रेघसुद्धा उमटली होती! मी त्याच्या प्रेमातच पडलो, हात म्हणून लावला नाही. त्यावर तापवलेलं पॉलिप्रॉपिलीन प्लास्टिक ओढून सॉकेट केलं, म्हणजे पायाचा उरलेला भाग ज्यात बसतो ती खोबण, आणि खाली पाऊल जोडलं. आजोबा उभे राहिले, दोन पावलं टाकली, बसले. म्हणाले, "डाक्टर, पाय लई देखणा झालाय. दारामागं टांगून ठेवतो."

आमचे सर आले, ठोकळा बघून म्हणाले, "मूर्ती करायची होती का?" आणि कानस घेतली. गुडघ्याच्या वाटीखालची जाड शीर भार सोसते, तिथं ठोकळा तासला, म्हणजे सॉकेट तिथं दाबून धरतं. नडगीचं टोक आणि बाजूच्या बारीक हाडाचं डोकं सोसत नाही, तिथं प्लास्टरची भर घातली. म्हणजे चांगलं सॉकेट हे उरलेल्या पायाची मुद्दाम बिघडवलेली नक्कल असतं. आता मोबाइलनंही माप घेतात. तेही हुबेहूबच येतं, बिघडवायला माणूस लागतोच. मधुमेहाच्या रुग्णाला तर टोचलेलं कळतही नाही. पाय उतरवून कातडी लाल झालीय का, ते आपणच बघायचं.

जयपूर फूट सगळ्यांना माहीत आहे. १९६८ सालचं. ते पाऊल विकसित करणारे सर्जन डॉ. प्रमोद करण सेठी यांना १९८१ मध्ये मॅगसेसे मिळाला, योग्यच झालं. पण रामचंद्र शर्मा हे नाव किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. दोन. त्यातला एक माझा भाचा. अहो, शर्मा कारागीर होते, त्यांच्या हातांशिवाय ते रबरी पाऊल झालं नसतं. अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, चिखलात जाता येतं. परदेशी पावलाला बूट लागायचा. आपला शेतकरी बूट घालून पाणी पाजायला जाणार का?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं.

तर करिअर. बारावी सायन्स, मग बीपीओ, म्हणजे बॅचलर इन प्रोस्थेटिक्स अँड ऑर्थोटिक्स. चार वर्षं आणि सहा महिने इंटर्नशिप. प्रोस्थेटिक्स म्हणजे गेलेल्या अवयवाची जागा भरणं. ऑर्थोटिक्स म्हणजे असलेल्याला आधार देणं: पोलिओचं कॅलिपर, कण्याचा पट्टा, वाकड्या पावलाच्या बाळाचे बूट. मुंबईत हाजीअलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्थेत शिकता येतं. बाहेर कोलकाता, कटक. पुढं भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी घ्यायचीच, त्याशिवाय रुग्णाला हात लावू नका. कामं रुग्णालयांत आहेत, खासगी कंपन्यांत आहेत, कानपूरच्या अलिम्कोत, म्हणजे कृत्रिम अवयव बनवणाऱ्या सरकारी कंपनीत आहेत. पुण्याचं लष्कराचं कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून आहे, एकदा बघून या. पगाराचं विचाराल तर सुरुवातीला... हो हो, आटोपतो.

आजोबा? चौथ्या फिटिंगला चालत गेले. ते पहिलं सॉकेट मी ठेवून घेतलं, त्यात पेनं ठेवतो. बाहेर टेबलावर आहे, जाताना आत मूठ घालून बघा.