ओमांचा मंगळवार
(कॅनडातल्या आपल्या मराठी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी.

'सेवा' या विषयावर दहा मिनिटं बोल, असं कार्यकारिणीने सांगितलं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे एकच माणूस आलं. माझ्या आजेसासूबाई. गेल्या नोव्हेंबरात त्या गेल्या, 91 वर्षांच्या होऊन. आम्ही सगळे त्यांना ओमा म्हणायचो. डच भाषेत ओमा म्हणजे आजी. आणि हो, डचमध्येही आपल्यासारखं अहो-जाहो आहे. माझे सासरे स्वतः आजोबा झाले तरी आईला 'तुम्ही'च म्हणायचे. लग्न होऊन या घरात आले तेव्हा त्या एका गोष्टीने मला फार धीर दिला होता.

ओमांचा जन्म रॉटरडॅमचा. 1944-45 चा हिवाळा आला तेव्हा त्या 11 वर्षांच्या होत्या. नेदरलँड्सचा पश्चिम भाग अजून जर्मनांच्या ताब्यात होता, धान्य येणं बंद झालं होतं, पुढे कालवेही गोठले. त्या हिवाळ्यात सुमारे 20,000 माणसं उपासमारीने गेली. लोकांनी ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. ओमा आणि त्यांची मोठी बहीण घरातल्या चादरी घेऊन खेड्यांकडे चालत जायच्या आणि चादरींच्या बदल्यात बटाटे आणायच्या. एका दारात एका शेतकरीण बाईने चादर हातात घेण्याआधी दोघींना आत बसवून सूप वाढलं. त्या बाईचं नाव ओमांना कधीच कळलं नाही. पण ऐंशी वर्षं त्या तिच्याबद्दल बोलत राहिल्या.

त्यांनी बटाटा सोलताना तुम्ही पाहायला हवं होतं. छोटी, झिजून निम्मी झालेली सुरी. अंगठा सालीवर टेकवलेला. साल एकसंध उतरायची, आणि इतकी पातळ की उजेडाला धरली तर बोटं दिसावीत. रविवारचे बटाटे शनिवारी संध्याकाळीच सोलून पाण्यात घालून ठेवायचे, कारण रविवार देवाचा, त्या दिवशी काम करायचं नाही. मी एकदा जाड साली काढल्या. त्या काही बोलल्या नाहीत. माझ्या साली उचलून त्यांनी पुन्हा एकदा सोलल्या.

1951 साली, 18 व्या वर्षी, आईवडील आणि सहा भावंडांबरोबर त्या बोटीने कॅनडात, हॅलिफॅक्स बंदरातल्या पिअर 21 या धक्क्यावर उतरल्या. युद्धानंतरच्या वीसेक वर्षांत दीड लाखाहून जास्त डच माणसं कॅनडात आली, त्यातलंच हे एक कुटुंब. देशाबाहेर रोख रक्कम फारशी नेता येत नसे, म्हणून लोक घरातलं सगळं सामान एका प्रचंड लाकडी खोक्यात भरून आणत. त्या खोक्याच्या फळ्यांचं ओमांच्या वडिलांनी कोंबड्यांचं खुराडं केलं. ते मी स्वतः पाहिलं आहे, फळीवरच्या रॉटरडॅमच्या पुसट अक्षरांसकट.

पहिलं वर्ष दुसऱ्याच्या शेतावर मजुरी, मग हॉलंड मार्श. टोरांटोच्या उत्तरेची ही काळीभोर जमीन तुमच्यापैकी अनेकांनी हायवे 400 वरून जाताना पाहिली असेल. कांदे आणि गाजरं. (हे नाव डच लोकांवरून पडलेलं नाही. सॅम्युएल हॉलंड नावाच्या सर्वेक्षकावरून नदीला नाव मिळालं, नदीवरून पाणथळीला. अर्थात तो सर्वेक्षकही जन्माने डचच.) फेब्रुवारी 1953 मध्ये मायदेशी समुद्राचे बांध फुटून 1836 माणसं गेली. ती बातमी ओमांच्या घरात सगळे रेडिओभोवती बसून ऐकत होते. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात हेझल वादळ आलं आणि मार्शही पाण्याखाली गेली. पोत्यात भरलेला कांदा वाहून गेला. पाणी उपसून बाहेर काढायला कित्येक आठवडे लागले. तेवढे दिवस ओमांचं कुटुंब ब्रॅडफर्डमध्ये एका अनोळखी घरी राहिलं. पुन्हा एक अनोळखी दार, पुन्हा सूप.

ओमांची सेवा कुठून सुरू झाली असं कोणी मला विचारलं, तर मी त्या दोन दारांकडे बोट दाखवेन. त्यांच्या तोंडी 'सेवा' हा शब्द मी कधी ऐकला नाही. त्या 'मंगळवार' म्हणायच्या. सोमवारी धुणं, मंगळवारी सूप. कोणी आजारी असेल, कोणी बाळंतीण असेल, कोणाचा नवरा गेला असेल, त्यांच्याकडे मंगळवारी ओमा पातेलं घेऊन हजर. आपल्याकडे ज्याला नेम म्हणतात, तो हा. मन लागो न लागो, बर्फ पडो, गुडघे दुखोत, मंगळवार चुकायचा नाही. त्यांच्या चर्चमध्ये गरजूंची विचारपूस करणाऱ्या पदाला डीकन म्हणतात, आणि 1984 पर्यंत ते पद बायकांना मिळतच नव्हतं. ओमा ते काम त्याआधी पंचवीस वर्षं पदाशिवाय करत होत्या. पद खुलं झाल्यावर विचारणा झाली, तर म्हणाल्या, 'मंगळवार आहेच की.' मला हे अजूनही लागतं. त्यांना ते नाव वेळेवर मिळायला हवं होतं.

1979 साली व्हिएतनाममधून होड्यांतून निसटलेली माणसं कॅनडात येऊ लागली. चर्चच्या मंडळींनी एका कुटुंबाची वर्षभराची जबाबदारी उचलली. ओमांनी पहिल्या रात्री मोठ्या प्रेमाने भात केला. डच पद्धतीचा, दूध-साखर-दालचिनी घालून. पाहुण्यांनी दोन घास कसेबसे गिळले. दुसऱ्या दिवशी ओमा त्या बाईच्या शेजारी ओट्यापाशी उभ्या राहिल्या आणि भात धुवायचा कसा, पाणी बोटाच्या पेराने मोजायचं कसं, हे शिकून घेतलं. मी नवी नवरी म्हणून त्यांच्या घरी पहिल्यांदा जेवायला गेले तेव्हा टेबलावर बटाट्यांशेजारी मोकळा, पांढराशुभ्र भात होता. मी चकित होऊन विचारलं, तेव्हा ही गोष्ट कळली.

आता श्रद्धेबद्दल. ओमा कट्टर होत्या, हे मी लपवणार नाही. जेवणाआधी प्रार्थना, जेवणानंतर बायबलचं वाचन आणि पुन्हा प्रार्थना, तोवर टेबलावरून कोणी उठायचं नाही. माझ्या घरातल्या देव्हाऱ्याकडे पहिली काही वर्षं त्यांची नजर जायची नाही, आणि ते मला बोचायचं. त्यांचा देव एक, त्याच्याकडे जायची वाट एक, यावर त्या शेवटपर्यंत ठाम होत्या. पण साताऱ्याला माझी आई अतिदक्षता विभागात होती, मला तिकीट मिळत नव्हतं, तेव्हा ओमांचा फोन आला. 'तू दिवा किती वाजता लावतेस?' मी म्हटलं, सात. 'मग सातला मीही बसते. तू तुझ्या जागी, मी माझ्या जागी.' अकरा दिवस त्या बसल्या. आई बरी होऊन घरी आल्यावर त्यांनी तिची जन्मतारीख विचारून घेतली.

कशासाठी, ते डच घरात गेलेल्यांना ठाऊक असेल. त्यांच्याकडे संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर टांगलेलं असतं. त्यात वार नसतात, फक्त तारखा, म्हणजे ते कधी जुनं होत नाही. ओमांच्या कॅलेंडरवर नातवंडं-पतवंडं होती, व्हिएतनामी कुटुंबातली पाचही नावं होती, आणि 9 मार्चला, वाकड्या रोमन लिपीत, माझी आई. गेलेल्या माणसाचं नाव त्या खोडत नसत. पुढे फक्त एक बारीक क्रूस काढत.

अंत्यविधीला चर्च भरलं होतं. एक स्तोत्र डचमध्ये गायलं गेलं, जुनी माणसं न बघता गात होती. नंतर तळघरात कॉफी आणि बनपाव. बनपावांचं एक ताट वेगळं, फक्त चीजचं, आणि वर चिठ्ठी: शाकाहारी. ओमांनी वर्षभरापूर्वीच सुनेला सांगून ठेवलं होतं.

मंडळी, आपल्यातही सुपर व्हिसावर, म्हणजे मुलांकडे लांब मुक्कामाला राहता येणाऱ्या व्हिसावर आलेले आईवडील आहेत, जे सकाळी आठ ते संध्याकाळी सहा घरात एकटे बसतात. बाळंतिणी आहेत ज्यांच्या आयांना व्हिसा वेळेत मिळाला नाही. मी आणि आणखी चौघीजणी जानेवारीपासून मंगळवारी जातो. सूप नाही, वरणभात नेतो, क्वचित खिचडी. चहाच्या टेबलापाशी निळी वही ठेवली आहे. ज्यांना कोणी यावंसं वाटतं त्यांनी मागच्या पानावर, ज्यांना जाता येईल त्यांनी पुढच्या पानावर नाव लिहा. येत्या मंगळवारी ब्रॅम्प्टनला तीन घरं आहेत आणि आमच्याकडे गाडी एकच आहे.