वुयीची रात्र

(पहाट. धुकं. घळीतून चढणारी पायवाट, तिच्यावर कावड.)

चीनच्या फुजियान प्रांताच्या उत्तरेचा हा वुयी डोंगर. दोन्ही बाजूंना तांबडा कातळ, मधल्या चिंचोळ्या घळीत दगडी बांधांनी धरून ठेवलेली माती आणि तीत चहाची झुडपं. इथवर गाडी येत नाही. खुडलेला पाला असा कावडीने खाली उतरतो.

कातळावर कोरलेली ही तीन अक्षरं, ‘दा होंग पाओ’. म्हणजे मोठा लाल झगा, इथल्या चहाचं नाव. वर दिसतात ती त्याची सहा मूळ झुडपं. 2006पासून त्यांचं पान कुणी खुडत नाही. शेवटच्या खुडणीतला 20 ग्रॅम चहा बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

आपण मात्र आलोय रात्रीच्या कामासाठी.

खुडणीच्या दिवसांत हे घर झोपत नाही. या चहाला कोवळी कळी चालत नाही, उघडलेली तीन-चार पानं लागतात. ती आधी उन्हात मलूल होतात, मग बांबूच्या या पसरट सुपांत येतात. कारागीर सूप गोल फिरवतो. पानं एकमेकांवर घासतात, कडा दुखावतात. सूप फळीवर ठेवायचं, पानाला विसावा द्यायचा, पुन्हा फिरवायचं. किती वेळा, ते घड्याळ ठरवत नाही. कारागीर सुपात नाक खुपसतो. हिरवट उग्र वास ओसरून फुलांचा वास उठेपर्यंत हात थांबत नाहीत.

(निवेदन थांबते. फक्त सुपांचा आवाज.)

पानाची कड बघा, तांबूस झालीय. मधला भाग हिरवाच. तीन भाग लाल, सात भाग हिरवं, असं इथलं माप. आता क्षणाचाही उशीर नको. तापल्या कढईत पान पडलं, की तो तांबूसपणा तिथेच थांबतो. मग गरम असतानाच मळायचं आणि सुकवायचं.

पुढची भाजणी कोळशावर. निखाऱ्यांवर राख पसरतात. ज्वाळ नको, धूरही नको. वर बांबूची टोपली, तीत चहा. टोपलीला तळहात लावून आच जोखणारा हा माणूस नीट बघा. 2022 साली युनेस्कोने चीनच्या चहा-कारागिरीला वारसा म्हटलं, तो वारसा या तळहातात आहे.

मागणी वाढली तशी बहुतेक ठिकाणी सुपांऐवजी फिरती पिंपं आली, जंगल तोडून बेकायदा मळेही उभे राहिले.

(सकाळ. अंगणात उभी केलेली रिकामी सुपं. पेल्यात पडणारी केशरी धार.)