नोव्हेंबरातल्या मॅचेस आणि छोटी कॉलेजं

नमस्कार मंडळी. मी बोलतोय अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधून. इथे पानं गळून झालीयेत, साडेचारला अंधार पडायला लागतो, आणि थंडी अशी की ऑफिसमधून घरी आलं की परत बाहेर पडावंसं वाटत नाही. पण मला वर्षातला हाच महिना सगळ्यात आवडतो, कारण नोव्हेंबर लागला की छोट्या कॉलेजांचं बास्केटबॉल सुरू होतं आणि मग मी स्वेटर, जॅकेट, टोपी सगळं चढवून कुठल्यातरी जिमच्या बाकड्यावर जाऊन बसतो.

छोटी कॉलेजं म्हणजे नक्की काय ते आधी सांगतो, कारण आपल्याकडे अमेरिकन कॉलेज बास्केटबॉल म्हटलं की ड्यूक, केंटकी, नॉर्थ कॅरोलायना अशी नावं येतात, हजारो प्रेक्षकांची स्टेडियमं, टीव्हीचे करार. ते झालं डिव्हिजन वन, म्हणजे एनसीएए या कॉलेज खेळांच्या राष्ट्रीय संघटनेतली सगळ्यात वरची पायरी. त्याच्या खाली डिव्हिजन टू, आणि त्याच्या खाली डिव्हिजन थ्री, ज्यात ४०० पेक्षा जास्त कॉलेजं आहेत आणि ज्यात खेळासाठी म्हणून एका पैशाची स्कॉलरशिप देता येत नाही. हुशारीवर मिळेल, घरची परिस्थिती बघून मिळेल, पण तू चेंडू चांगला टाकतोस म्हणून फी माफ, असं नाही. म्हणजे ही पोरं सकाळी केमिस्ट्रीची लॅब करतात, दुपारी प्रॅक्टिस करतात, शुक्रवारी बसमध्ये बसून तीन तास लांब जातात, मॅच खेळून मध्यरात्री परत येतात आणि रविवारी असाइनमेंट लिहितात. मला त्यांच्याबद्दल फार जिव्हाळा वाटतो, आणि तो लपवायचा मी प्रयत्नही करत नाही.

आता आजचा विषय, सुरुवातीचे निकाल. सीझन सुरू झाला की पहिल्या दोन-तीन आठवड्यांत स्कोअर धबाधबा यायला लागतात, कोणी ११० मारले, कोणी ४० नी हरलं, आणि लोक लगेच ठरवून टाकतात की ही टीम यंदा फार पुढे जाणार, ती टीम संपली. माझं म्हणणं एवढंच की नोव्हेंबरचा स्कोअर वाचताना समोर कोण होतं आणि आपल्याकडून कोण खेळलं हे दोन प्रश्न आधी विचारा, आकडा नंतर बघा.

ग्रिनेल कॉलेजचं बघा. आयोवा राज्यातलं एक छोटं गाव, आजूबाजूला मक्याची शेती, अभ्यासात एकदम नावाजलेलं कॉलेज. २० नोव्हेंबर २०१२ ला तिथल्या जॅक टेलर नावाच्या पोराने एका मॅचमध्ये १३८ पॉइंट केले. टीमने नाही हो, एकट्याने. १०८ शॉट मारले, त्यातले ५२ गेले, थ्री पॉइंटर, म्हणजे लांबून मारायचे तीन पॉइंटचे शॉट, ७१ मारले त्यातले २७ गेले, आणि हे सगळं ३६ मिनिटांत. त्याआधीचा कॉलेजचा रेकॉर्ड होता ११३ चा, बेव्हो फ्रान्सिसचा, १९५४ सालचा, तोही रिओ ग्रँड नावाच्या अशाच एका चिमुकल्या कॉलेजचा. ग्रिनेलने ती मॅच १७९-१०४ अशी जिंकली. आणि गंमत ऐका, समोरच्या टीममधल्या डेव्हिड लार्सनने त्याच मॅचमध्ये ७० पॉइंट केले, एरवी ७० केलेल्या पोराला गावाने खांद्यावर घेतलं असतं, पण त्या रात्री त्याचं नाव कोणी घेतलं नाही, म्हणून मी आज मुद्दाम घेतो.

पण समोर कोण होतं? फेथ बाप्टिस्ट बायबल कॉलेज, म्हणजे धर्मशिक्षण देणारी एक लहानशी संस्था, डिव्हिजन थ्रीमध्येसुद्धा नसलेली. आणि ग्रिनेलची स्वतःची एक पद्धत आहे, ती तिथले तेव्हाचे कोच डेव्हिड आर्सेनॉ यांनी बसवली, पाच-पाच पोरांच्या तुकड्या करायच्या, दर मिनिटाभराने अख्खी तुकडी बदलायची, कोर्टभर प्रेस करायचं, म्हणजे समोरच्याला सतत दाबात ठेवायचं, आणि मिळेल तिथून थ्री मारायचा. लोक हसायचे. पण त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो, तो असा की टीममधल्या सगळ्या पोरांना खेळायला मिळालं पाहिजे, कोणीही चार वर्षं नुसतं टॉवेल घेऊन बेंचवर बसता कामा नये. ते टोकाला गेलं की काय होतं तेही दिसलं, नोव्हेंबर २०२३ मध्ये याच ग्रिनेलने इमॅयस बायबल कॉलेजविरुद्ध १११ शॉट मारले आणि एकजात सगळे थ्री पॉइंटर, टू पॉइंटर एकही नाही, त्यातले ४० गेले आणि मॅच १२४-६७ अशी खिशात. त्या स्कोअरवरून ग्रिनेल आपल्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे दरवर्षी एकमेकांशी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटात, काय करणार हे कळतं का? अजिबात नाही. एनसीएएच्या बाहेरच्या टीमशी झालेली मॅच राष्ट्रीय स्पर्धेच्या निवडीच्या गणितात धरतच नाहीत.

आणि हे गणित समजून घेण्यासारखं आहे, कारण त्याच्यामुळेच नोव्हेंबरला किंमत आलीये. सीझनमध्ये साधारण २५ मॅच, मग मार्चमध्ये ६४ टीमची राष्ट्रीय स्पर्धा. जी कॉन्फरन्स जिंकते ती सरळ आत. उरलेल्या जागांसाठी २०२४-२५ पासून एक नवीन इंडेक्स आलाय, एनपीआय म्हणतात त्याला, त्यात तुम्ही कोणाला हरवलं, कोणाकडून हरलात, ती टीम किती चांगली, सगळं धरतात. त्यात नोव्हेंबरमधली मॅच आणि फेब्रुवारीमधली मॅच सारखीच मोजली जाते. त्यामुळे एखादा चांगला कोच मुद्दाम नोव्हेंबरमध्ये तगड्या टीमच्या गावी जाऊन खेळतो, चार पॉइंटनी हरतो, आणि तो पराभव सोप्या टीमला ४० नी हरवण्यापेक्षा जास्त उपयोगी पडू शकतो. म्हणून मला विचाराल तर बाहेर जाऊन थोडक्यात हरलेली टीम सापडली की तिच्यावर डोळा ठेवा. मी ठेवतो.

दुसरा प्रश्न, कोण खेळलं. डिव्हिजन थ्रीमध्ये टीमचा अंदाज म्हणजे नव्वद टक्के सीनियर, म्हणजे शेवटच्या वर्षाची पोरं, किती राहिले याचा अंदाज. ही नव्वद टक्के माझी आपली बोलायची पद्धत हं, कोणी मोजलेलं नाही. इथे १८ वर्षांचा कोणी चमत्कारी पोरगा येऊन टीम बदलून टाकतो असं क्वचित होतं, इथे २१-२२ वर्षांची, एकमेकांबरोबर तीन वर्षं खेळलेली पोरं जिंकतात. कोविडच्या वर्षी खेळाडूंना एक वर्ष जास्तीचं दिलं होतं, त्यामुळे मधली काही वर्षं २३-२३ वर्षांची पोरं खेळत होती आणि टीम एकदम जुन्या-जाणत्या वाटायच्या.

आणि चमत्कारी पोरगा आलाच तर तो टिकेल याची खात्री नाही. डंकन रॉबिन्सन आठवा. विल्यम्स कॉलेज, मॅसॅच्युसेट्सच्या वायव्य कोपऱ्यात डोंगरात. २०१४ मध्ये तो पहिल्या वर्षाला होता आणि विल्यम्स थेट फायनलला गेलं, विस्कॉन्सिन-व्हाइटवॉटरकडून ७५-७३ असं हरलं. मग कोच दुसरीकडे गेले, रॉबिन्सन मिशिगनला गेला, आणि पुढे मायामी हीटकडून एनबीए या व्यावसायिक लीगची फायनल खेळला. ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, कोणी न घेतलेला पोरगा, २०२१ मध्ये पाच वर्षांचा ९ कोटी डॉलरचा करार झाला त्याचा. विल्यम्सच्या लोकांना आनंदच झाला असणार, पण पुढच्या नोव्हेंबरला त्यांच्याकडे तो नव्हता ना. अंदाज बांधताना हेच बघावं लागतं, मागच्या मार्चचा फोटो घेऊन नोव्हेंबरमध्ये बसता येत नाही.

न्यू इंग्लंडच्या, म्हणजे इथल्या ईशान्येकडच्या राज्यांतल्या, टीमबद्दल आणखी एक सांगून ठेवतो. विल्यम्स, ॲमहर्स्ट, ट्रिनिटी वगैरे ज्या नेस्कॅक कॉन्फरन्समध्ये आहेत, ती कॉलेजं अभ्यासाला प्राधान्य म्हणून प्रॅक्टिस बाकीच्यांपेक्षा उशिरा सुरू करत आलीयेत. त्यामुळे यांच्या पहिल्या दोन-तीन मॅच विस्कळीत असतात, टर्नओव्हर, म्हणजे चेंडू समोरच्याला देऊन बसणं, खूप, कोण कुठे धावतंय कळत नाही. घाबरू नका. २०२५ चा राष्ट्रीय विजेता कोण होता? हार्टफर्डचं ट्रिनिटी कॉलेज, फायनलमध्ये न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीला ६४-६० असं हरवलं.

विस्कॉन्सिनचं उलट. तिथली सरकारी युनिव्हर्सिटीची छोटी छोटी कॅम्पस, प्लॅटव्हिल, व्हाइटवॉटर, स्टीव्हन्स पॉइंट, तिघांनी प्रत्येकी चार राष्ट्रीय विजेतेपदं घेतलीयेत, आणि २०१९ ला तिथल्याच ऑशकॉशने स्वार्थमोर कॉलेजला ९६-८२ असं हरवून आपलंही नाव लावलं. एकाच राज्यातली, एकाच कॉन्फरन्समधली १३ विजेतेपदं. म्हणून विस्कॉन्सिनच्या एखाद्या टीमचा जानेवारीत रेकॉर्ड वाईट दिसला तरी मी तिला सोडत नाही, घरातल्याच भावंडांनी मारलेलं असतं तिला.

इंडियानाची ट्राइन युनिव्हर्सिटीही सांगायला हवी. अँगोला नावाचं गाव, फोर्ट वेनपासून गाडीने तासाभराच्या आत. आणि २०२४ ची फायनल होती फोर्ट वेनलाच. घरच्या लोकांसमोर त्यांनी हॅम्पडेन-सिडनी कॉलेजला ६९-६१ हरवलं. त्याच्या आदल्या वर्षी तिथेच क्रिस्टोफर न्यूपोर्ट युनिव्हर्सिटीने माउंट युनियन युनिव्हर्सिटीला ७४-७२ हरवलं, शेवटचा बझर वाजताना ट्रे बार्बरचा ले-अप आत गेला. मी ती मॅच घरी सोफ्यावर बघत होतो आणि एवढ्या जोरात ओरडलो की बायको किचनमधून धावत आली.

आता सुरुवातीच्या निकालाने सगळ्यांना खोटं पाडलं असं एक जुनं उदाहरण. २३ डिसेंबर १९८२, हवाईतलं होनोलुलू. चॅमिनाड नावाचं कॉलेज, विद्यार्थी ८०० च्या आसपास. समोर व्हर्जिनिया युनिव्हर्सिटी, देशात नंबर एक, एकही मॅच न हरलेली, आणि सेंटरला सात फूट चार इंचाचा राल्फ सॅम्पसन. चॅमिनाड थोडेच दिवस आधी वेलँड बाप्टिस्ट नावाच्या कॉलेजकडून हरलेलं. तो निकाल बघून तुम्ही काय अंदाज बांधला असता? चॅमिनाडने ती मॅच ७७-७२ अशी जिंकली. सॅम्पसनला ज्याने रोखलं तो टोनी रँडॉल्फ, तो मूळचा व्हर्जिनिया राज्यातलाच, शाळेत असताना सॅम्पसनविरुद्ध खेळलेला, त्याला त्याच्या सवयी ठाऊक होत्या. म्हणून म्हणतो, कोण खेळलं ते बघा.

आणि कोचचा पहिला सीझन बघून तर कधीच काही ठरवू नका. ग्रेग पॉपोविच, सॅन अँटोनियो स्पर्सला पाच एनबीए विजेतेपदं मिळवून देणारा माणूस, १९७९ मध्ये कॅलिफोर्नियात पोमोना-पिट्झर या छोट्या टीमचा कोच झाला. पहिल्या वर्षी रेकॉर्ड काय? २ विजय, २२ पराभव. त्यातला एक पराभव कॅलटेककडून.

कॅलटेक म्हणजे तेच, आपल्याकडच्या आयआयटीवाल्यांना ज्याचं स्वप्न पडतं ते. तिथे नोबेल विजेते ढिगाने, पण बास्केटबॉलमध्ये २६ वर्षं कॉन्फरन्सची एक मॅच जिंकले नव्हते, ओळीने ३१० पराभव. विचार करा, म्हणजे कितीतरी पोरं चार-चार वर्षं रोज प्रॅक्टिसला आली, एकही कॉन्फरन्स मॅच न जिंकता डिग्री घेऊन गेली, आणि तरी दर नोव्हेंबरला टीम उभी राहत होती. शेवटी २२ फेब्रुवारी २०११ ला ऑक्सिडेंटल कॉलेजविरुद्ध ४५-४५ असताना कॅलटेकचा रायन एल्मक्विस्ट फ्री थ्रोला उभा राहिला, साडेतीन सेकंदांपेक्षा कमी वेळ उरलेला, आणि एक टाकला. ४६-४५. त्या पोराबद्दल बोलताना अजूनही माझ्या अंगावर काटा येतो.

आपल्या मुंबईतल्या श्रोत्यांना, खास करून नागपाड्याच्या, हे सगळं परकं वाटणार नाही. मस्तान वायएमसीएच्या कोर्टवर गल्लीतली पोरं कशी खेळतात ते ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीये, अब्बास मुंतसिर तिथूनच देशाचे कॅप्टन झाले. आणि हा खेळ जन्मला तोही वायएमसीएमध्येच, डिसेंबर १८९१, इथल्या स्प्रिंगफील्डला, जेम्स नेस्मिथ यांनी पीचच्या टोपल्या जिमच्या गॅलरीच्या कठड्याला ठोकल्या आणि १८ विद्यार्थ्यांना खेळायला लावलं. पहिल्या मॅचचा स्कोअर १-०. ती संस्था आज स्प्रिंगफील्ड कॉलेज म्हणून ओळखली जाते आणि ती खेळते कुठे, तर डिव्हिजन थ्रीमध्येच. इथे आलो त्या पहिल्या हिवाळ्यात ऑफिसमधला एकजण मला तिथे मॅचला घेऊन गेला होता, मला वॉकओव्हर आणि फाउल यापलीकडे काही कळत नव्हतं, शेजारी बसलेल्या आजींनी, त्यांचा नातू खेळत होता, मला दोन तासांत सगळं समजावून सांगितलं.

तर ज्यांची मुलं-मुली, भाचे-पुतणे इथे शिकतायत त्यांना एक विनंती. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी, कार्नेगी मेलन, केस वेस्टर्न, शिकागो, रॉचेस्टर, सगळी एकाच कॉन्फरन्समधली डिव्हिजन थ्री कॉलेजं आहेत आणि या सगळीकडे मराठी पोरं एमएस करतायत. दोन दोन वर्षं राहतात आणि आपल्या युनिव्हर्सिटीची टीम आहे हेही त्यांना माहीत नसतं. त्यांना सांगा, एकदा जाऊन ये. विद्यार्थ्यांना बहुतेक ठिकाणी तिकीट लागत नाही, जिम उबदार असतं, आणि कोर्टवर जो खेळतोय तो कदाचित सोमवारी त्यांच्याच वर्गात शेजारी बसणारा असेल.

आणि तुम्ही घरी असाल तर बरीच कॉलेजं आपल्या साइटवर मॅच फुकट दाखवतात. इथे संध्याकाळी सातला सुरू होणारी मॅच आता हिवाळ्यात तुमच्याकडे पहाटे साडेपाचला लागते. चहा टाका आणि लावा. समालोचन करणारा बहुतेक त्याच कॉलेजचा एखादा विद्यार्थी असतो, अडखळतो, खेळाडूंना त्यांच्या टोपणनावाने हाक मारतो, कॅमेरा कधी कधी चेंडूच्या मागे राहतो. सवय होते. माझी या शनिवारची मॅच ठरलीये, दुपारी दोनची, दोन्ही टीम मागच्या वर्षी तळाला होत्या, आणि एकीकडे मागच्या वर्षीचे मुख्य पाचही जण परत आलेत.