आधी पासबुक, मग पसंतीक्रम

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘इंजिनीअरिंगचा ऑप्शन फॉर्म कसा भरावा’. कॉलेजांचा पसंतीक्रम लावायचा तो फॉर्म. ते सांगणारच आहे. पण शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर केस पिकलेल्या माणसाला बोलावलंत, तर तो आधी पैशाचंच बोलणार. मागच्या रांगेतल्या मुलांनी मोबाइल काढलेत, असू द्या. फक्त महाडीबीटीची, म्हणजे सरकारी शिष्यवृत्त्यांची साइट उघडा.

माझी जुनी तक्रार आहे. पालक बँकेत यायचे ते पेढे घेऊन! म्हणजे प्रवेश झालेला, पहिल्या वर्षाची फी भरलेली, आणि मग चौकशी, ‘साहेब, कर्ज किती मिळेल?’ लग्नाचा हॉल बघायला गेलो तर आपण आधी ताटाचा भाव विचारतो. कॉलेज बघताना विचारतो, प्लेसमेंट कसं आहे.

एक गृहस्थ आठवतात. किराणा दुकान, सांगली जिल्हा, मुलगा खुल्या प्रवर्गातला. कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेशफेऱ्यांत, कराडच्या सरकारी कॉलेजात सिव्हिल मिळत होतं. पण मुलाला मामा होते. प्रत्येक घरात एक मामा असतो, तो पुण्यात असतो आणि त्याला सगळं माहीत असतं. (हशा) हसताय ते भाचे, गप्प आहेत ते मामा. तर मामा म्हणाले, ‘सिव्हिल करून काय गवंडी व्हायचंय? कॉम्प्युटरच घे.’ आता कराडचं कॉलेज १९६० सालचं. तेव्हा तिथून जवळच कोयनेचं धरण बांधलं जात होतं. सिव्हिलला गवंडीकाम म्हणणाऱ्यांनी एकदा कोयनानगरला जाऊन यावं. असो.

कॅपमध्ये कॉम्प्युटर मिळेना, म्हणून पुण्यातल्या एका कॉलेजात संस्थास्तरावरची जागा घेतली. आपण मॅनेजमेंट कोटा म्हणतो, ती. गृहस्थ निर्धास्त होते. मला म्हणाले, ‘फी जास्त आहे, पण आमचं उत्पन्न ८ लाखांच्या आत. राजर्षी शाहू शिष्यवृत्तीत निम्मी माफ होईल.’ मी म्हटलं, ‘अहो, ती कॅपमधून घेतलेल्या जागेला. या जागेला नाही.’

पैसे काढायच्या स्लिपच्या पाठीमागे आम्ही हिशेब मांडला. ट्यूशन फी, डेव्हलपमेंट फी, खोलीचं डिपॉझिट, मेस, लॅपटॉप, दिवाळीला घरी यायचं एसटीचं भाडंसुद्धा. दरवर्षीचं ते गुणिले चार. बेरीज वाढत गेली तसे ते खुर्चीत मागे सरकत गेले. आमच्याकडे ४ लाखांपर्यंतच्या कर्जाला स्वतःचा हिस्सा आणि तारण लागत नसे, त्यापुढे ५ टक्के हिस्सा, साडेसात लाखांपुढे तारण. आणि शिक्षण चालू असताना हप्ता नसला तरी व्याज चढतच असतं, हे लोकांना पटत नाही. आता केंद्राची पीएम विद्यालक्ष्मी ही शैक्षणिक कर्जाची योजना आलीय, पण ती निवडक संस्थांसाठी. आपलं कॉलेज त्या यादीत आहे का, ते आधी बघा.

मुलगा शेजारीच बसला होता. आकडा पहिल्यांदाच बघत होता. म्हणाला, ‘पप्पा, आधी सांगायचं होतं. मी गेलो असतो कराडला.’ वडिलांनी भिशी उचलली, बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. मुलगा शिकला, नोकरीला लागला, कर्ज फिटलं, जरा उशिरा. मामांनी एकही हप्ता भरला नाही, एवढं नमूद करतो.

माझं म्हणणं एवढंच. फॉर्म उघडण्याआधी एका संध्याकाळी मुलाला आकडा सांगा. चार वर्षांत आपण इतके घालू शकतो, इतकं कर्ज झेपेल. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला पर्सेंटाइलमधले दशांशानंतरचे सात आकडे कळतात, त्याला घरची मिळकतही कळते. लपवतो आपणच.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, पळतो.

आधी पैशाची चाळणी लावा. आकड्याबाहेरचं कॉलेज यादीत नकोच. मिळालं तर मोह होतो. उरलेली आवडीप्रमाणे लावा, कटऑफच्या उतरंडीने नव्हे. सायबर कॅफेवाला तशीच लावतो, त्याला सोपं पडतं. संगणक वरून खाली बघत येतो, वरचं नाही मिळालं म्हणून खालचं हातचं जात नाही. पण २०२५चा नियम ऐका: पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, दुसरीत पहिल्या तीनपैकी, तिसरीत पहिल्या सहापैकी मिळालं, तर ते घ्यावंच लागतं. तेव्हा गंमत म्हणून वर काही टाकू नका. यंदाची माहितीपुस्तिका स्वतः वाचा.

कटऑफ बघताना आपली ओळ बघा. खुल्या प्रवर्गाची, आपल्या भागातल्या विद्यापीठाची म्हणजे होम युनिव्हर्सिटीची जी-ओपन-एच वेगळी, मुलींची एल-ओपन-एच वेगळी, होम युनिव्हर्सिटीबाहेरच्यांची, शेवटी ओ असलेली वेगळी. एका वर्षावर जाऊ नका, तीन वर्षांचे बघा, आणि शेवटच्या फेरीचेही. यादीच्या तळाला घराजवळची, नक्की मिळतील आणि नक्की परवडतील अशी दोन-तीन हवीतच.

टीएफडब्ल्यूएस म्हणजे ट्यूशन फी माफीच्या जागा. त्यांचा चॉईस कोड, म्हणजे फॉर्ममध्ये भरायचा कॉलेज-शाखेचा क्रमांक, वेगळा असतो. उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर त्याच कॉलेजच्या साध्या कोडच्या वर तो टाका. कटऑफ बहुधा चढा असतो, पण ट्यूशन फी माफ. बाकीची फी मात्र भरावी लागते. मुलींना २०२४-२५पासून, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसीत, याच उत्पन्नमर्यादेत कॅपच्या जागेवर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. राहण्याजेवणाचं नाही. त्यासाठी काहींना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता मिळतो, त्याचा अर्ज वेगळा. अभिमत विद्यापीठं राज्याच्या कॅपमध्ये नाहीत, त्यांच्या फीचा हिशेब निराळाच.

उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेयर, जात वैधता आत्ताच काढायला टाका, जूनमध्ये सरकारी कचेऱ्यांत पाय ठेवायला जागा नसते. पासवर्ड कॅफेवाल्याकडे ठेवू नका. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला जाण्यावर बोलायचं राहिलं. ज्यांना हवंय त्यांनी खाली चहाच्या टेबलापाशी या, मी तिथेच आहे.